आधीचं स्पष्ट की आत्ताचं?

माझ्या मामाला एक प्रश्न विचारला की तो उलट दोन विचारतो. चहा घेणार का म्हटलं तर "साखरेचा की बिनसाखरेचा?" आणि साखरेचा म्हटलं तर "आत्ता की जरा वेळाने?" अशा माणसाने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डे ट्रेडर व्हायचं ठरवलं. म्हणजे सकाळी शेअर घ्यायचे, दुपारी बाजार बंद व्हायच्या आत विकायचे, आणि मधल्या वेळात क्षणाक्षणाला निर्णय. मला कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. मामी हसली नाही.

मामाचं मूळ काम डोळ्यांचे नंबर काढण्याचं. डॉक्टर नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागे एक बिनखिडकीची चिंचोळी खोली असते ना, तिथला माणूस. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळ तक्ता, मध्ये लोखंडी पायाची फिरती खुर्ची आणि हाताशी काचांची पेटी. पेटीत ओळीने खाचा, प्रत्येक खाचेत एक गोल काच. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, मग ती काढून दुसरी घालायची, आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" एकतीस वर्षं त्याने हेच विचारलं. आम्ही भाचरंडं त्याला तोंडावरच 'आधीचं-की-आत्ताचं मामा' म्हणायचो आणि तो त्यावर खूश असायचा.

त्या खोलीत मात्र तो वेगळाच माणूस असायचा. मी कॉलेजात असताना सुट्टीत त्याचा डबा पोचवायला जायचे आणि कोपऱ्यात उभी राहून बघायचे. घरी साधी भाजी निवडताना घोळ घालणारा मामा तिथे एकदम ठाम. गिऱ्हाईक गोंधळलं की त्याला आनंदच व्हायचा. एकदा एक आजोबा कंटाळून म्हणाले, "अहो, आता दोन्ही सारखंच दिसतंय." मामाने टाळी वाजवली. "सारखंच? मग झालं! नंबर सापडला." मला नंतर समजावून सांगितलं, की काचा थोड्याथोड्या बदलत गेलं की एक जागा अशी येते जिथे दोन्हींत फरकच उरत नाही. तिथे थांबायचं. लोकांना वाटतं आपल्याला उत्तर देता आलं नाही, पण तेच उत्तर असतं.

दुसरी गोष्ट त्याने त्याच दिवशी सांगितली. "आणि जो म्हणतो ना, 'पुन्हा एकदा दाखवा', त्याला आधीचंच स्पष्ट दिसलेलं असतं. आत्ताची काच नवी म्हणून तिचा मोह सुटत नाही, एवढंच. मी दाखवतो पुन्हा, पण वहीत आधीचाच नंबर लिहून टाकतो." मी विचारलं, कधी चुकलं नाही का? तर म्हणाला, "या एका बाबतीत नाही." त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द इतका स्वच्छ मी पहिल्यांदा ऐकला होता.

मग ही ट्रेडिंगची हुक्की आली कुठून? एका कंत्राटदाराच्या डोळ्यांतून. त्याचा नंबर काढायला तासभर लागला, आणि तेवढ्या तासात त्याने मामाला सांगितलं की मी घरबसल्या शेअरची खरेदी-विक्री करतो आणि माझा मीच मालक. मामा त्या दिवशी घरी आला तो गप्पगप्पच. जेवताना मामीला म्हणाला, "अगं, एकतीस वर्षं मी लोकांना विचारतोय, तुला हे बरं वाटतं की ते. मला कुणी कधी विचारलं? कॉलेजातून काढून वडिलांनी दुकानात बसवलं, तो बसलो." हे मला मामीनेच नंतर सांगितलं. तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

दुकानाच्या मालकीणबाई स्वभावाने बऱ्या. त्या म्हणाल्या, सहा महिने तुमची खुर्ची कुणाला देत नाही, तोवर मीच कसंबसं निभावते. पण त्यानंतरच्या पहिल्या तारखेला तुम्ही आला नाहीत तर नवा माणूस बसेल, आणि मग त्याला मी उठवणार नाही. मामीनेही एकच अट घातली. ती पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवते. कापड कापायचं तिचं लांबलचक टेबल हीच त्या घरातली सगळ्यांत मोठी वस्तू. टेबलाचं एक टोक तिने मामाच्या लॅपटॉपला दिलं आणि म्हणाली, "एक बाजार निवडा, नीट शिका, आणि सहा महिन्यांनी मला सांगा जमतंय की नाही. तळ्यात-मळ्यात चालणार नाही."

झालं. 'एक बाजार निवडा' या तीन शब्दांनी मामाचा घात केला.

कारण बाजार दोन होते. एक जुना, दगडी इमारतीतला, घंटा वाजवून सुरू होणारा. दुसरा नवा, ज्याला इमारत आहे की नुसते कॉम्प्युटर हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. मामाने त्यांना नावं ठेवली, थोरला आणि धाकटा. थोरल्याकडे कंपन्या जास्त. धाकट्याकडे माणसांची गर्दी जास्त. आणि एका दिवसात घेऊन विकायचं तर गर्दी हवी, नाहीतर आपला माल घ्यायला समोर कुणी नसायचं. हे मला पाच मिनिटांत कळलं. मामालाही कळलं. पण मग तो म्हणाला, "गर्दी आहे म्हणजे धक्काबुक्कीही आली." म्हणून पुन्हा थोरला. थोरल्याकडे आठवडा काढला की वाटायचं, इथे दुपारी अगदीच सामसूम असते. म्हणून पुन्हा धाकटा. मधेच त्याला कुणीतरी समुद्रापलीकडच्या बाजाराचं सांगितलं. तो आपल्या जेवणाच्या वेळेला उघडतो. मामीने ताट उचललं आणि म्हणाली, "तो पाहुणा या घरात येणार नाही." तेवढा एक प्रश्न मात्र लगेच सुटला.

मामाला खरं छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. तोच शेअर, तेच मिनिट, आणि थोरल्याकडे एक भाव नि धाकट्याकडे त्याहून किंचित वेगळा. स्क्रीनवर डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा अशा दोन चौकटी लावून तो तासन्‌तास बघत बसायचा. "कंपनी तीच. कारखाना तोच. कामगारही तेच. मग भाव दोन कसे?" हा प्रश्न त्याने मला विचारला, मामीला विचारला, पडद्याचं माप द्यायला आलेल्या बाईंनाही विचारला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे दोन दुकानांत टोमॅटोचा भावही वेगळा असतो." मामा म्हणाला, "पण टोमॅटो वेगवेगळे असतात ना!" यावर त्या माप न देताच निघाल्या होत्या, मामीने त्यांना जिन्यातून परत आणलं.

मी दर रविवारी जायचे. दर वेळी मामाच्या वहीत नवं पान असायचं. एका बाजूला थोरल्याचे गुण, दुसऱ्या बाजूला धाकट्याचे, आणि खाली मोठ्ठं प्रश्नचिन्ह. पाच महिने आणि तीन आठवडे त्याने एकही सौदा केला नाही. पैसा बुडाला नाही हे खरं, पण माणूस बुडत चालला होता. दाढी वाढली. झोपेत 'डावीकडचं, डावीकडचं' असं पुटपुटायला लागला, असं मामीने सांगितलं. मला त्याचा राग यायचा. म्हणजे इतका, की एकदा मी म्हटलं, "मामा, नाणं उडव आणि मोकळा हो." तो म्हणाला, "उडवलं होतं. पण मग वाटलं, तीन वेळा उडवावं." त्याचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच दिसत नव्हतं.

सहाव्या महिन्याचा शेवटचा शुक्रवार. सोमवारी पहिली तारीख. मी शिकवते त्या शाळेला अर्धा दिवस होता आणि डोकं ठणकत होतं, म्हणून नंबर वाढलाय का ते मामाकडून बघून घ्यावं असं ठरवून मी दुपारीच गेले. दार उघडलं तर मामा स्वयंपाकघरात चक्क नाचत होता. मामी हातात कात्री घेऊन दाराशी उभी.

"सुटलं गं सुटलं!" मामा मला म्हणाला. "निवडायची गरजच नाही!"

त्याने मला हाताला धरून टेबलाशी नेलं आणि दाखवलं. काच बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर. काच म्हटल्यावर त्याला तो घरचा वाटला असावा. सकाळी तो थोरल्याकडे स्वस्त होता आणि धाकट्याकडे महाग. मामाने थोरल्याकडे घेतला आणि लगोलग धाकट्याकडे विकला. "घेतला, विकला, फायदा खिशात. दोघांचाही मान राहिला. सहा महिने मी उगाच डोकं फोडून घेत होतो. लोक एकच का निवडतात तेच मला कळत नाही."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मलाही त्यात चूक काही दिसेना. घेतला, विकला, आणखी काय असतं? आम्ही तिघांनी चहा घेतला. मामाने न विचारता साखरेचा घेतला. मामी म्हणाली, "मग सोमवारी मालकीणबाईंना नाही म्हणून कळवायचं?" मामा म्हणाला, "कळवू की," आणि मग लगेच, "आज कळवू की उद्या?" तेवढ्यात फोन वाजला.

ब्रोकरच्या ऑफिसातली बाई होती. मामाचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण कुठला कान जास्त चांगला हे त्याचं ठरलेलं नाही.

"सर, बाजार बंद व्हायला थोडाच वेळ राहिलाय आणि तुमचे दोन सौदे उघडे आहेत."

"उघडे कसे? मी घेतला आणि विकला."

"घेतला जुन्या बाजारात, सर. विकला नव्या बाजारात."

"मग? शेअर तोच आहे ना?"

"शेअर तोच आहे, सर. बाजार वेगळे आहेत. एकाच दिवसाच्या सौद्यात जिथे घेतलं तिथेच विकावं लागतं. तिकडे तुम्ही घेऊन ठेवलेत आणि इकडे नसलेले विकलेत."

मामा स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही?"

"नाही, सर," बाई गंभीरपणे म्हणाली.

"पण घरात एक भाऊ घेतो आणि दुसरा..."

"सर, वेळ कमी आहे. तुम्ही आता उलटं करा. जुन्याकडे विका आणि नव्याकडे घ्या."

मामा उलटं करायला बसला. आता इथे एक सांगायला हवं. उलट कशाचं, हे कळायला सुलट काय ते पक्कं लक्षात असावं लागतं. मामा म्हणाला, "डावीकडे विका... नाही, डावीकडे थोरला... मी सकाळी काय केलं होतं?" मी म्हटलं, विक, विक, डावीकडे विक. मामी मला म्हणाली, त्या बाईला बोलू दे. बाई फोनवर म्हणाली, शांतपणे करा सर. मामाने डावीकडे दाबलं, उजवीकडे दाबलं, घाम पुसला आणि म्हणाला, "झालं."

फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाली, "सर, तुम्ही पुन्हा तिकडेच घेतले आणि पुन्हा इकडेच विकले. आता दुप्पट झालं."

मामाचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"सर, आता तुम्ही काही दाबू नका. हात टेबलावर ठेवा. मी इथून मिटवते."

मामाने खरंच दोन्ही हात टेबलावर ठेवले, पडद्याच्या निळ्या कापडावर, पालथे. मामीने कपाळावर हात मारला नाही. बाईने सौदे मिटवले, आकडा सांगितला, 'सॉरी सर' म्हणून फोन ठेवला. आकडा मी इथे सांगणार नाही. मामीने मला शपथ घातली आहे. घर बुडेल एवढा मोठा नव्हता, पण मामा बुडायला पुरेसा होता.

रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत होती. मग मामा अगदी हळू म्हणाला, "मग आता एकच निवडायला हवा. पण कुठला?"

मला वाटलं, मी ओरडेन. त्याऐवजी मी म्हटलं, "मामा, माझं डोकं दुखतंय. नंबर बघून दे."

ते मी शहाणपणाने केलं असं मामी अजून सगळ्यांना सांगते. तसं काही नव्हतं. डोकं खरंच दुखत होतं. मामाची एक जुनी काचांची पेटी घरी असते, कपाटावर, टॉवेलात गुंडाळलेली. त्याने ती काढली. अक्षरांचा तक्ता लांबच्या दाराला टांगला, पावलांनी अंतर मोजलं, मला खुर्चीत बसवलं, फ्रेम नाकावर चढवली. आणि मी डोळ्यांनी बघितलं, म्हणजे एकाच डोळ्याने, कारण दुसरा त्याने झाकला होता, की सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचे हात चाचपडत नव्हते. पेटीकडे न बघता काच उचलायचा. बोटांनाच माहीत होतं कुठली कुठे आहे.

"आधीचं स्पष्ट की आत्ताचं?"

"आधीचं."

"हं. आता? आधीचं की आत्ताचं?"

"आत्ताचं. म्हणजे... थांब."

"थांबायचं नाही. दिसतं ते बोल."

दोनदा, तीनदा, चारदा. शेवटी मी म्हटलं, "मामा, मला काही कळेना. दोन्ही सारखंच दिसतंय."

"मग झालं!" मामाने टाळी वाजवली. "सारखंच दिसायला लागलं की..."

आणि तो तिथेच थांबला. हातात काच, तोंड अर्धवट उघडं. त्याने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. लॅपटॉप उघडाच होता. बाजार बंद झाले होते आणि दोन्ही चौकटींत काचेच्या कंपनीचा आकडा निमूट उभा होता, थोरल्याकडे एक, धाकट्याकडे पैशा-दोन पैशांनी वेगळा.

"सारखंच आहे की गं हे," तो म्हणाला. "सहा महिने सारखंच होतं." मग खुर्चीच्या पाठीला धरून त्याने मान खाली घातली. "मग मी बघत काय होतो?"

मला रडू आलं. ती फ्रेम घातलेली असताना रडणं फार गैरसोयीचं असतं. ती काढावी लागते.

मी उठले. मामीने कात्री खाली ठेवली आणि मामाच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला माझ्या जागी बसवलं. मी एवढी वर्षं तिला ओळखते, पण ती पुढे काय करणार याचा मला पत्ता नव्हता. तिने काचांची पेटी उचलून त्याच्या समोर धरली. मनातल्या मनात पाच मोजावेत इतका वेळ. मग ती बाजूला ठेवली आणि लॅपटॉप उचलून तसाच धरला.

"अहो, सांगा," ती म्हणाली. "मी विचारतेय. आधीचं स्पष्ट की आत्ताचं?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. लॅपटॉपकडे नाही, पेटीकडेही नाही, तिच्याकडे. ज्याने हजारो लोकांना 'दिसतं ते बोला' म्हणून दटावलं तो माणूस खुर्चीत अंग चोरून बसला होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"घाई नाही," मामी म्हणाली. "थोरला-धाकटा नाही विचारत. हे की ते? तुम्हाला काय हवंय?"

मामा खुर्चीत जरा पुढे सरकला.

"पुन्हा एकदा दाखव ना," तो म्हणाला.

मामीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. लॅपटॉप बंद करून तिने काखेत मारला आणि फोन उचलून मालकीणबाईंचा नंबर लावला. "सोमवारी येतायत," ती म्हणाली. "हो, नेहमीच्याच वेळेला. नाही, नाही, नक्की."

मामा खुर्चीतून अर्धवट उठला. "अगं, पण मी अजून उत्तर कुठे दिलंय?"

"दिलंस, मामा," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला 'पुन्हा एकदा दाखवा' म्हणणारी आपली गिऱ्हाइकं आठवली असावीत, कारण तो एकदम खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने पेटी मांडीवर ओढली आणि माझ्यासाठी बाहेर काढलेल्या काचा एकेक करून पुसायला लागला. पुसून झालेली प्रत्येक काच तो न बघता तिच्या खाचेत ठेवत होता.